गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल सोडवणे आणि स्वच्छ करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडून गेला की, आणि पुन्हा दसऱ्याला गाडी धुवायला काढली की, बॉनेट उघडले जाते, बॅटरीवरचा पांढरट-निळा थर नजरेस पडतो आणि प्रश्नांना सुरुवात होते. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या घरगुती चारचाकीतील १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा प्रश्न घेतला आहे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत काही निराळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे म्हणणे प्रमाण मानावे.

शब्दांविषयी एक खुलासा. बॅटरीच्या झाकणातून वर आलेल्या शिशाच्या गोल खुंटीला येथे ‘पोल’ म्हटले आहे आणि केबलच्या टोकाला असलेल्या, त्या खुंटीला कवटाळणाऱ्या कड्याला ‘क्लॅम्प’ म्हटले आहे. गॅरेजमध्ये दोन्हींना सरसकट टर्मिनल म्हणतात, पण साफसफाई करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण खरी घाण या दोहोंच्या मध्ये, न दिसणाऱ्या जागी असते.

टर्मिनलवर जमणारा तो थर म्हणजे नेमके काय?

गॅरेजमध्ये त्याला ‘कार्बन’ म्हणतात, पण त्यात कार्बनचा संबंध नाही. बॅटरीत पातळ केलेले सल्फ्युरिक आम्ल असते. चार्जिंग होताना त्याचे अतिसूक्ष्म तुषार वाफांबरोबर हवेच्या छिद्रांतून, आणि पोल जेथे प्लॅस्टिकच्या झाकणातून वर येतो तेथील बारीक फटीतून, बाहेर पडतात. हे आम्ल शिशाला लागले की पांढरे लेड सल्फेट तयार होते आणि क्लॅम्पमधील किंवा केबलमधील तांब्याला लागले की निळसर-हिरवे कॉपर सल्फेट, म्हणजे आपल्याकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात ते मोरचूद. थर हवेतील ओलावा धरून ठेवतो आणि फुगत जातो, म्हणून कोकणपट्टीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो अधिक लवकर दिसतो. या पुडीत शिसे आणि आम्ल दोन्ही असल्यामुळे ती नुसत्या बोटांनी चोळून किंवा फुंकर मारून पाहू नये.

दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, पण सेल्फ मारला की नुसता ‘टक’ असा आवाज येतो. हे या थरामुळे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि पुष्कळदा होते. त्यामागचे गणित सोपे आहे. सेल्फ फिरताना लहान पेट्रोल गाडीतसुद्धा बॅटरीतून साधारण १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढला जातो. पोल आणि क्लॅम्प यांच्यामधील घाणीमुळे केवळ ०.०१ ओहम एवढा अडथळा निर्माण झाला, तर १५० अँपिअरला १.५ व्होल्ट त्या एका जोडातच खर्ची पडतात आणि सेल्फपर्यंत पोहोचत नाहीत. तोच अडथळा दिव्यांच्या वाटेत असला तरी दोन्ही हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपासच प्रवाह घेतात, त्यामुळे तेथे जेमतेम ०.१ व्होल्ट कमी होतो आणि दिव्यांचा उजेड कमी झाल्याचे डोळ्यांना जाणवतही नाही. वरील १५० अँपिअरच्या हिशेबाने त्या जोडात २२५ वॉट उष्णताही तयार होते. म्हणूनच दोन-चार वेळा सेल्फ मारून पाहिल्यावर खराब जोडाचा क्लॅम्प हाताला गरम लागतो; तो चटका हेच निदान.

हे मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी कोकणातून परतताना पोलादपूरला चहासाठी थांबलो आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. जवळच्या दुकानातील माणसाने बॅटरी गेल्याचे सांगितले, मीही फार विचार न करता नवी घेतली. ती बसवण्यापूर्वी त्याने क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने लख्ख घासले होते, हे मी पाहत होतो. पण अर्थ लागला तो घरी आल्यावर. जुनी बॅटरी बदल्यात न देता सोबत आणली होती, ती चार्ज करून तपासली तर ठणठणीत निघाली आणि पुढे दीड वर्ष भावाच्या गाडीत चालली. नवी बॅटरी घेण्याआधी जुनीचे टर्मिनल साफ करून पाहावे, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे.

काहीही सोडवण्यापूर्वी दोष जोडात आहे की बॅटरीत, हे कसे ओळखावे?

इंजिन बंद असताना प्रथम क्लॅम्प हाताने पिळून पाहावा. तो पोलवर जरासुद्धा फिरत असेल, तर निदान तेथेच झाले. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या दोन्ही पोलवर व्होल्टेज मोजावे : १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

त्याहून उपयोगी चाचणी पुढची आहे. मीटरची एक सळई थेट पोलच्या माथ्यावर आणि दुसरी त्याच पोलवरच्या क्लॅम्पवर टेकवावी आणि घरातील कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. जोड स्वच्छ असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तो जोड साफ करायला झाला आहे, मग तो बाहेरून कितीही चकचकीत दिसो. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेली असावी, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगितले.

या कामासाठी काय काय लागते?

बहुतेक लहान गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काहींना ८, १२ किंवा १३ नंबरचा लागतो. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना बरा, कारण तो नटावरून सटकत नाही. त्याशिवाय तारेचा लहान ब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा, खाण्याचा सोडा, कोमट पाणी, टाकून द्यायचा जुना टूथब्रश, दोन-तीन सुकी फडकी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. हातमोजे एकवेळ राहिले तरी साबणाने हात धुता येतात, डोळ्यांचे तसे नाही. चष्मा असणाऱ्यांनीही बाजूने बंद असलेला गॉगल वापरावा.

हातातील अंगठी, कडे, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आणि वाकल्यावर पुढे लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र आधी काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, उदबत्ती किंवा निरांजन नको. दसऱ्याच्या दिवशी पूजा झाल्यावर लगेच हे काम काढणाऱ्यांनी शेवटची सूचना विशेष लक्षात ठेवावी.

१२ व्होल्टचा शॉक बसतो का?

कोरड्या हाताला १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही. धोका झटक्याचा नसून भाजण्याचा आहे. पोल आणि गाडीचा धातू यांच्यामध्ये अंगठी किंवा पाना आडवा आला, तर त्यातून क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. अंगठी लाल होते आणि बोटातून काढायलाही उसंत मिळत नाही.

मायनस आधी का सोडवायचे? प्लस आधी सोडवले तर काय बिघडते?

या विषयात एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आजच्या गाड्यांत बॅटरीचे मायनस टोक जाड काळ्या केबलने गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनला जोडलेले असते. म्हणजे बॉनेटखाली दिसणारा जवळजवळ प्रत्येक उघडा धातू, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी, तिचे बोल्ट, मडगार्डची कड, इंजिनचा ठोकळा, हे सर्व विजेच्या दृष्टीने मायनसच असते. आता मायनस तसेच जोडलेले ठेवून प्लसच्या नटाला पाना लावला आणि अडचणीच्या जागेत पान्याची शेपटी बाजूच्या धातूला टेकली, तर पाना म्हणजेच प्लस आणि मायनस यांना थेट जोडणारी जाड तार झाली. मध्ये फ्यूज नाही, काही नाही. मोठी ठिणगी उडते, पाना चिकटून बसू शकतो, हात भाजतो.

ठिणगीची खरी भीती वेगळीच आहे. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की तो पेट घेऊ शकतो, आणि पेटला की बॅटरीचे झाकण फुटून आम्ल थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर उडते. अशा घटना क्वचित घडतात, परंतु घडतात तेव्हा बॅटरीवर माणूस वाकलेलाच असतो, कारण ठिणगी त्यानेच पाडलेली असते.

उलट, मायनस आधी सोडवताना पाना बाजूच्या धातूला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्ही बाजू मायनसच आहेत. मायनस सुटले की सांगाड्याचा बॅटरीशी संबंध तुटतो. त्यानंतर प्लसवरचा पाना सांगाड्याला टेकला तरी परिपथ पूर्ण होत नाही. मग एकच चूक शिल्लक राहते, ती म्हणजे लांब पाना एकाच वेळी दोन्ही पोलवर आडवा पडणे. त्यासाठी मोकळ्या झालेल्या मायनस पोलवर सुके फडके किंवा रबराचे टोपण घालावे. जोडताना याच कारणाने क्रम उलटा होतो : प्लस आधी, मायनस शेवटी.

कोणते प्लस आणि कोणते मायनस, हे केबलच्या रंगावरून ठरवावे का?

रंगावर विसंबू नये. जुन्या गाडीत कोणीतरी कधीतरी केबल बदललेली असते आणि दोन्ही काळ्या निघतात. बॅटरीच्या झाकणावर पोलशेजारी उठवलेले + आणि − हे चिन्ह पाहावे. धूळ असेल तर पुसून पाहावे. शिवाय प्लसचा पोल मायनसपेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे योग्य मापाचे क्लॅम्प उलटे बसवायला गेल्यास ते सहजी बसत नाहीत. बसत नाही म्हणून ठोकून बसवू नये. तो अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की पुढचे सगळे तर्क संपतात.

बॅटरी सोडवल्यावर गाडीतील सेटिंग पुसली जातात का?

काही पुसली जातात. घड्याळ, ट्रिप मीटर आणि आवडत्या रेडिओ केंद्रांची यादी बहुधा जाते. एका स्पर्शाने पूर्ण वर जाणारी काच अर्ध्यावर थांबू लागते; ती काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवले की बहुतेक गाड्यांत पूर्ववत होते. इंजिनचा संगणक आयडलिंगचा जुना अनुभव विसरतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी जरा अडखळते. काही म्युझिक सिस्टिम परत सुरू होताना कोड मागतात. तो कोड कागदपत्रांत सापडतो का, हे आधी पाहावे, नंतर नव्हे.

सगळ्यांत त्रासदायक प्रकार किल्लीचा. किल्ली आत, दरवाजे बंद आणि बॅटरी सुटलेली, अशी अवस्था होऊ नये म्हणून किल्ली खिशात ठेवावी आणि चालकाच्या बाजूची काच खाली करून ठेवावी. ज्यांची बॅटरी डिकीत असते त्यांनी डिकी बंद होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण विजेवर उघडणारी डिकी विजेशिवाय उघडत नाही.

प्रत्यक्ष सोडवण्याची पद्धत काय?

इंजिन बंद करून, दिवे, पंखा, चार्जर असे सर्व काही बंद करून, किल्ली काढून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात गाडीतील निरनिराळे संगणक झोपी जातात, बॉनेटखाली साचलेला वायू निघून जातो आणि इंजिनही थोडे निवते. नंतर मायनस क्लॅम्पचा नट सैल करावा. नट पूर्ण काढण्याची गरज नसते. तो खाली इंजिनच्या बेचक्यात पडला तर शोधण्यात अर्धा दिवस जातो. क्लॅम्प डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सरळ वर उचलावा.

येथे एक बारीक गोष्ट आहे. केबल वर्षानुवर्षे एकाच वळणात राहिलेली असते, त्यामुळे सोडलेला क्लॅम्प बाजूला ठेवून आपण वळलो की तो स्प्रिंगसारखा हळूच परत येऊन पोलला टेकतो, आणि सुटलेली बॅटरी आपल्या नकळत पुन्हा जोडली जाते. मी त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवतो आणि केबल मागे वाकवून सुतळीने बांधून टाकतो. त्यानंतरच प्लसकडे वळावे. तेथे लाल झाकण असल्यास ते न तोडता बाजूला करावे.

क्लॅम्प पोलवर चिकटून बसला असेल तर?

हातोडी मारू नये आणि खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. पोल शिशाचा, म्हणजे मऊ असतो आणि आत तो पट्ट्यांना जोडलेला असतो. जोर लावल्यास आतला जोड तुटतो किंवा झाकणाला तडा जातो, आणि पन्नास रुपयांचे काम नव्या बॅटरीवर जाते. नट पूर्ण सैल करून क्लॅम्पवर सोड्याचे कोमट पाणी थोडे थोडे टाकावे, पाच मिनिटे थांबावे आणि क्लॅम्पची फट अलगद रुंद करून तो फिरवून पाहावा. तरीही न निघाल्यास टर्मिनल पुलर नावाचे लहान अवजार मिळते, ते वापरावे किंवा गॅरेज गाठावे.

खाण्याच्या सोड्याने साफ कसे करायचे?

एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा विरघळवावा. त्याआधी बॅटरीच्या झाकणावर पाणी भरण्याची बुचे असतील तर ती घट्ट आहेत का हे पाहून त्यांच्यावर चिकटपट्टी लावावी, कारण हे पाणी आत गेले तर ते आतल्या आम्लालाच मारते आणि बॅटरी कायमची अशक्त होते.

कोरडा थर ब्रशने घासू नये. शिशाची पूड नाकातोंडात जाते. आधी जुन्या टूथब्रशने सोड्याचे पाणी लावून थर भिजवावा. आम्ल असेल तेथे बारीक ‘चुर्र’ आवाज करत फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड असतो. फेस विरला की पुन्हा पाणी लावावे. नवा फेस येणे थांबले, म्हणजे आम्ल संपले. मग साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून सुके फडके फिरवावे. पाइपने पाणी मारू नये. शेजारी फ्यूजचा डबा असतो.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. पोलची बाहेरील बाजू आणि क्लॅम्पची आतील गोलाई पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने घासून धातूची चमक येईपर्यंत साफ करावी. क्लॅम्पच्या आत करंगळीला पॉलिश पेपर गुंडाळून फिरवला तर काम नेमके होते : आधी कागदावर काळपट करडा रंग उतरतो, मग आतून चांदीसारखी रेघ दिसू लागते. ती रेघ सर्व बाजूंनी दिसली की थांबावे. शिसे मऊ असल्याने हौसेने घासत राहिल्यास पोल बारीक होतो आणि क्लॅम्प सैल बसू लागतो.

खाण्याच्या सोड्याऐवजी उकळते पाणी, कोला, लिंबू किंवा पोटासाठी घेतात ती फेसाळणारी पूड चालते का?

गरम पाणी ओतण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे आणि तिने मोरचूद विरघळते हे खरे आहे. परंतु आम्ल नष्ट होत नाही, ते पाण्याबरोबर ओघळून बॅटरीखालच्या पत्र्यावर जाते आणि काही महिन्यांनी तो पत्रा गंजून पापुद्रे धरू लागतो. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते. थर निघतो, पण मागे साखरेचा चिकट लेप राहतो आणि मुंग्या येतात. लिंबू आणि चिंच देवघरातील पितळेसाठी उत्तम, पण येथे आम्लावर आम्ल घालण्यात अर्थ नाही. पोटासाठीच्या पुडीत सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असते, म्हणजे ती पाण्यात पडताच स्वतःशीच फेसाळून घेते. बेकिंग पावडरचेही तेच. साधा खाण्याचा सोडा स्वस्त आहे आणि स्वयंपाकघरात आहेच.

परत जोडताना काय पाहावे?

प्लसचा क्लॅम्प आधी, पोलच्या मुळापर्यंत खाली दाबून बसवावा आणि मग नट आवळावा. तो आवळून झाल्यावरच मायनसवरचे रबर काढावे. मायनस टेकवताना बारीकशी ठिणगी दिसते. गाडीतील संगणक जागे होताना थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे ती दिसते. मोठा चटका आणि आवाज आला तर मात्र काही तरी चालू राहिले आहे किंवा जोडणी चुकली आहे, असे समजून हात मागे घ्यावा.

नट किती आवळावा? क्लॅम्प हाताने पिळून हलत नाही, इतपत. त्यापुढे अंगाचा जोर लावू नये.

आवळूनही क्लॅम्प सैल राहत असेल, तर आपल्याकडे त्यात पत्र्याचा तुकडा, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कोंबण्याची रीत आहे. अशा जोडात क्लॅम्प दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि पहिल्याच पावसात तेथे पुन्हा थर धरतो. बॅटरीच्या दुकानात पोलवर चढवण्याची शिशाची टोपी मिळते. ती बसवावी किंवा क्लॅम्प बदलावा. जपानी पद्धतीच्या बारीक पोलच्या बॅटरीऐवजी जाड पोलची, किंवा उलट, बॅटरी घेतल्यानेही हा प्रश्न उद्भवतो.

शेवटी ग्रीस लावावे की पेट्रोलियम जेली?

पेट्रोलियम जेली, आणि तीही जोड आवळून झाल्यानंतर, बाहेरून, नखाएवढी. हेतू एवढाच की हवा आणि ओलावा धातूपर्यंत पोहोचू नये. साधे ग्रीस इंजिनच्या उष्णतेने ओघळते आणि धूळ धरते; खोबरेल तेल तर दोन दिवसांत वाहून जाते. जोड बसवण्यापूर्वी पोलवर जाड लेप देण्याची सवय सोडावी.

अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र) तपासण्यासाठी चालू इंजिनमध्ये मायनस काढून पाहिले तर?

कृपया पाहू नये, आणि कोणी मेकॅनिक तसे करू लागला तर त्याला थांबवावे. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही युक्ती खपून जात असे. अल्टरनेटर प्रवाह देत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली तर व्होल्टेज क्षणार्धात नेहमीच्या कित्येक पटींनी उसळते, आणि इंजिनचा संगणक, म्युझिक सिस्टिम किंवा अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून पोलवर मीटर लावावा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले की अल्टरनेटर काम करतो आहे.

सिग्नलला आपोआप बंद होणारी, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

सिग्नलला बंद होणाऱ्या गाड्यांत मायनस क्लॅम्पवरच प्लॅस्टिकचा लहान सेन्सर बसवलेला असतो. तो नाजूक आणि महाग असतो; त्याला धरून क्लॅम्प ओढू नये आणि तो भिजवू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची लहान बॅटरी असते, परंतु ती सोडवण्याचा क्रम आणि थांबण्याचा वेळ प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांना कोणत्याही कारणासाठी हात लावू नये. अशा गाडीचे हे काम घरी करू नये, असे माझे मत आहे.

आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर?

डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून नळाच्या संथ धारेखाली किमान १५ मिनिटे धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. चोळू नये, डोळ्यांत सोडा घालू नये. त्वचेवर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. सुती कपड्यावरचा थेंब तेव्हा दिसत नाही. पुढच्या धुण्यात तेथे भोक पडलेले असते.

साफ करूनही महिन्या-दोन महिन्यांत थर परत येतो. का?

मग घाण हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे. बुचे असलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेच्या पुढे भरले असेल तर चार्जिंगच्या वेळी आम्लमिश्रित पाणी उतू जाते. हे सर्वांत सामान्य कारण. दोन्ही पोलवर थर, बॅटरी गरम आणि पाणी वरचेवर कमी होणे, असे एकत्र दिसले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग, जास्त व्होल्टेज सोडत असण्याची शक्यता असते. मीटरवर १५ च्या पुढचा आकडा हा त्याचा पुरावा. थर एकाच पोलच्या मुळाशी येत असेल तर त्या पोलभोवतीची सील गेली आहे, आणि तिच्यावर घरी उपाय नाही.

महिनाभर गावी जाताना मायनस काढून ठेवावे का?

ठेवावे. बंद गाडीसुद्धा घड्याळ, सेंट्रल लॉक आणि अलार्म यांसाठी थोडा प्रवाह घेत राहते. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर ३५ अँपिअर-अवर क्षमतेची लहान बॅटरी सुमारे २४ दिवसांत अर्धी रिकामी होते, आणि आधीच जुनी असेल तर तेवढ्यातच सेल्फ घेणे सोडते. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांचे हेच झाले. मायनस काढल्यावर अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर बंद राहतात, याची मात्र जाणीव असावी.

बॅटरीला हात न लावता थेट मेकॅनिकला कधी बोलवावे?

बॅटरीच्या बाजू फुगल्या असतील, झाकणाला तडा असेल, कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा ती हाताला पोळण्याइतकी गरम असेल, तेव्हा. वास येत असल्यास दिवे चालू-बंद करण्याच्याही भानगडीत न पडता बॉनेट उघडे ठेवून लांब उभे राहावे.

वापरलेले पाणी, फडकी आणि जुनी बॅटरी यांचे काय करावे?

सोड्याने आम्ल मारले तरी पाण्यात शिसे आणि मोरचूद राहतेच, त्यामुळे ते तुळशीच्या कुंडीत, बागेत किंवा विहिरीजवळ टाकू नये. पाणी कमीत कमी वापरून ते फडक्यातच टिपून घ्यावे, फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यावीत, आणि जेवणाला बसण्यापूर्वी हात नखांसकट साबणाने धुवावेत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तो ती फोडून आम्ल गटारात ओततो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करूनही देतो.